माप

आमच्या घरात पोट फुगणं ही काही बातमी नव्हती.
रविवारी हुलग्याचं माडगं,
सोमवारी उरलेल्या माडग्यात कडक भाकरी चुरून,
मंगळवारी चवळी,
आणि दिवेलागणीला आईचं पोट तट्ट.
"कडुपु उब्बरम," म्हणायची तेलुगूत,
ओव्यात चिमूटभर सैंधव घालून
चावत बसायची उंबऱ्यावर.
एखादा ढेकर गल्लीच्या टोकापर्यंत जायचा.
येमूलांची सरोजा तिकडून ओरडायची,
"अंबव्वा, पोचलं गं पत्र!"
हसून हसून पोट आणखी दुखायचं.
सकाळी मात्र उतरलेलं असायचं,
चूल पेटायच्या आत.

असल्या पोटाला मीही भीत नाही.
दिवसभर मांडीवर सूप, पाठीची कमान,
हजार विड्या, मध्ये घाईत गिळलेला चहा,
वारा शिरणारच की.
पाळीच्या आधी माझंही फुगतं,
शेंगाचटणी जास्त झाली तर फुगतं,
दोन दिवस परसाकडं झालं नाही तरी फुगतं.
फिरून आलं, उतरलं, विसरलं.

गड्ड्यावरचे पाळणे सुटले त्या आठवड्यात
आईचं सूप गुडघ्याकडं सरकलेलं दिसलं.
मला वाटलं, बसायची ढब बदलली असेल.
"ओवा संपलाय, आण," एवढंच म्हणाली.
ओवा आणला. मग हिंग.
मग मेडिकलमधली गुलाबी बाटली.
महाशिवरात्र गेली.
आता सकाळीसुद्धा उतरेना.

मी अशोक चौकात युनिफॉर्म शिवते.
दिवसाला ऐंशी कॉलर.
माणसाचं तोंड दिसायच्या आधी मला त्याचं माप दिसतं.
घरातलंच तेवढं दिसलं नाही.
उगादीसाठी तिचं ब्लाऊज आणि परकर शिवायला घेतला, टेप लावली:
दंड पाऊण इंचानं बारीक.
कंबर साडेतीन इंचानं जास्त.
परत लावली. तेच.
अंगानं भरणारं माणूस सगळीकडून भरतं,
एवढं तर कापडालाही कळतं.

मग एकेक टाका उसवत गेला.
अर्ध्या भाकरीतच ताट सारते:
मी म्हणत होते, उपवास असेल.
रात्रीतून चारदा मोरीकडं:
मी म्हणत होते, वय.
नाडी बेंबीच्या वर बांधते.
ओटीपोटात ओढल्यासारखं होतं,
"पण तसं दुखत नाही गं."
तसं म्हणजे कसं,
ते मी विचारलंच नव्हतं.

हत्तुरे मॅडमनी पेन खाली ठेवलं.
"येऊन-जाऊन असतं, की मुक्कामालाच आलंय?"
आई गप्प.
"किती दिवस झाले?"
आईला दिवसांत मोजता येत नाही,
ती विडीच्या हप्त्यांत मोजते.
"आठ हप्ते घेतले ब्रँचमधनं. तवापासनं."
मॅडम हसल्या नाहीत.
म्हणाल्या, "पोट कुणाचं फुगत नाही? माझंही फुगतं.
पण पन्नाशीनंतर नव्यानं फुगायला लागलं
आणि दोन-तीन आठवडे उतरलंच नाही,
तर ओव्याला विचारत बसू नये. इकडं यावं."
"गॅसच असंल की, बाई," आई म्हणाली.
"असू दे ना. बघून म्हणू या गॅस."

सिव्हिलच्या बाकावर बसलोय.
सोनोग्राफीआधी पाणी पी म्हणालेत, लघवी धरून ठेव,
आणि तिला तर घोटभर धरवत नाही.
भिंतीकडं बघत ती मांडी आवळते.
"पाट्याला डाळ भिजत घातलीय," म्हणते,
"आंबली की काय?"
घरी टेबलावर तिचा परकर बेतलेला, कापायचा राहिलाय.
कंबर कुठली धरू, जुनी का नवी,
हे तिला विचारायचं होतं, नाही विचारलं.

आतून नंबर पुकारला.
टोकनचा कागद शोधायला लागलो आम्ही दोघी.
तिच्याच बोटांत होता,
बारीक, घट्ट वळलेला,
टोक दुमडलेलं.
उलगडला. सत्तावीस.
"आपलाच की गं," म्हणाली,
आणि उठता उठता पदराआड
नाडी बोटभर सैल केली.