चपडा

मे महिन्यात साकोलीला
डब्यातल्या चपड्याचं एकच ढेकूळ होतं,
म्हणून दसाराम सुताराचा डबा
माठाखालच्या ओल्या वाळूत,
झाकणाला मेण लावून.

"औंदाचाच पाह्यजे. जुना
स्पिरिटात फुगून बसते,
रुसल्या जवायासारखा."

बरणी काचेची. लोखंडानं काळा पडते.
पावशेर चपडा, लिटरभर स्पिरिट,
आणि हलवत राहणं.
रात्री मुतायला उठला तरी
अंधारात एकदा
बरणी खळखळते.

सकाळी गाळताना
धोतराच्या फडक्यावर राहिली
पळसाची साल, तांदळाच्या कणीएवढी.
माझी भजनाची पेटी समोर
घासून उघडी पडलेली.
त्यानं कणी चिमटीत धरली, उजेडात नेली,
"आमच्याच बांधावरचा असन,"
म्हणाला,
आणि बोळा भिजवला.