एकोणसाठ कविता, चौसष्ट पानं

कास्त्रोच्या चढावर माझा छापखाना आहे.
बिंगोची कार्डं, मयताच्या पत्रिका,
फेरीबोटीचं वेळापत्रक, जे बोटीनं कधी वाचलेलं नाही.
निवडणुका आल्या की थोडी चंगळ.
कविता माझ्याकडे कुणी आणत नाही.

एदुविखेस मान्सिया घेऊन आली
बटाट्याच्या पिशवीत भरून:
धक्क्यावरच्या एकतीस वर्षांच्या वजनाच्या चिठ्ठ्या.
पुढून, शिंपले, बेचाळीस किलो, ओले.
मागून, कविता.
दोन होड्यांच्या मध्ये
काट्यावरच्या बाईला जेवढी उसंत मिळते
तेवढ्याच लांबीच्या.

विचारलं, राजधानीत कुणाला दाखवल्या?
दोनदा पाठवल्या, म्हणाली. एकदा उत्तर आलं,
फार सुरेख कागदावर.
पाठकोरा होता. त्याच्यावरही एक लिहिली आहे,
ती बघ, चाळिसावी.

मी हिशेब मांडला.
पानं सोळाच्या पटीत बसतात, बाई,
कवितेसाठी यंत्र थांबत नाही.
एकोणसाठ कविता, एक नावाचं पान, एक त्याची पाठ.
तीन उरतात. काहीतरी भरा.
नवऱ्याचा फोटो? पाद्रीबाबांचे दोन शब्द?
ती खिडकीतून खांबांवरच्या घरांकडे बघत राहिली,
ओहोटी होती, खांब उघडे पडले होते.
मग म्हणाली, कोरीच ठेव.
लोकांना भाव लिहायला कागद लागतो.

दोनशे प्रती. सगळी पदरमोड.
निम्मे पैसे नोटांत, निम्मे कॉफीच्या डब्यातून,
आणि त्या नाण्यांनी माझ्या गल्ल्याला
आठवडाभर खाऱ्या पाण्याचा वास.

चूक माझीच.
आमच्या भाषेत 'समुद्र' आणि 'वाईट' यांच्यात
एका अक्षराचा फरक आहे.
सत्तावीसाव्या पानावर मी ते अक्षर चुकलो,
आणि शिलाई झाल्यावर कळलं.
मी म्हणालो, पुन्हा छापतो, माझ्या खर्चानं.
(मनात कागदाचे भाव मोजत होतो, खोटं कशाला बोलू.)
ती काही बोलली नाही. निळं पेन मागितलं,
शाईच्या डब्यांशेजारी स्टूल ओढलं
आणि एकेक प्रत उघडून दुरुस्त करू लागली.
दुपारी मी मिल्काओ आणला, तो तिनं डाव्या हातानं खाल्ला.
ऐंशीव्या की एक्याऐंशीव्या प्रतीवर
पेन थांबलं.
तिनं ती ओळ पुन्हा वाचली, ओठ हलवत,
टोपण लावलं, आणि बाकीच्या तशाच बांधायला सांगितल्या.
म्हणून या बेटावर त्या कवितेचे दोन पाठ आहेत.
खरा कुठला, मी विचारलेलं नाही.

धक्क्यावर आता काट्यावर लादिस्लाओ बसतो,
पोरगेला आहे, पण हात नेमका.
त्यानं पुस्तक आधी तोललं:
एकशे अठरा ग्रॅम, कोरडं.
मग शेजारी गठ्ठा रचून ठेवला, बर्फापासून लांब.
एका पाणबुड्याच्या आईनं उभ्या उभ्या चाळलं,
आणि म्हणाली, ही माझ्या मुलावर आहे.
एदुविखेस म्हणाली, नाही, ती एका दोरीवर आहे.
तरी तिनं पाच प्रती घेतल्या.
बाकीच्या कुठे गेल्या मला ठाऊक नाही.
दाताच्या डॉक्टरकडे एक दिसली,
कोऱ्या पानावर कुणाचा तरी फोन नंबर.

एक राहिलंच.
ज्या दिवशी कडा कापल्या,
पात्याखाली पांढऱ्या पट्ट्यांचा ढीग पडला होता,
बोटभर रुंद, हातभर लांब.
मी तो शेगडीत टाकायला निघालो.
तिनं विचारलं, हे फुकट जातं का?
नोकरी संपल्यापासून तिला चिठ्ठ्या मिळत नाहीत.
बटाट्याची तीच पिशवी पुन्हा भरून
चढ उतरून गेली.

आता दर महिन्याला येते.
मी बिंगोची कार्डं जरा आतूनच कापतो.
पाद्रीबाबांची तक्रार आहे,
आकडे फार कडेला आलेत.