चौदाव्या दिवशी पाणी जातं

चौदाव्या दिवशी पाणी जातं, विसाव्या दिवशी वीज,
असं नवख्यांना सांगावं लागतं.
आम्हाला असल्फात कोण सांगणार?
आईने खुर्ची ओढली, चष्मा लावला.
माझा माणूस अजून दारातच, हातात साधं लाटणंसुद्धा नाही,
आणि ही म्हणते, आधी पाणी भरून ठेव.
भरलं. टब, तीन पातेली, फुलदाणी,
संडासाची टाकीसुद्धा.

नकाशा कुर्ल्याच्या कुणा ग्लॅडविनचा.
बसून बसून त्याने अख्खी टेकडी रचलीय
चौकोनाला चौकोन लावत:
रेशनचं दुकान, पिठाची गिरणी,
व्यायामशाळेचं कायम बंद शटर,
मेट्रोचे दोन खांब, दोन्हींवर चुकून एकच नंबर.
आमची गल्लीही आहे. शेवटून तिसरं घर आमचं.
फक्त त्याला त्याने एक खिडकी दिलीय.
दिलीय तर घे, आई म्हणाली, वारा येईल.

अकरानंतर खेळायचो. हेडफोन काढून, आवाज बारीक करून,
कारण कोण येतंय ते तिलाही ऐकायचं असतं.
एकतीस वर्षं आया होती ती, साथीच्या वॉर्डात.
तिला ते मेलेले वाटतच नाहीत.
हा बघ, पाय ओढतोय, ह्याच्या डाव्या अंगावरून वारं गेलंय.
ही बाई, हिला बसव कुठेतरी.
मी कुऱ्हाड उगारली की म्हणते, थांब,
एप्रन आहे अंगावर. आचारी असेल रे.
आचाऱ्याला मारू नकोस.

आचारी मला दोनदा चावायला आला.

हळूहळू ती नावं ठेवायला लागली.
पोस्टमन तो सावळाराम. निळ्या गाऊनमधली द्रौपदा.
बनियनवरचा, पोट सुटलेला, गिरणीपाशी घुटमळणारा,
त्याचं नाव तिने सांगितलं नाही,
पण तो दिसला की ती चहा ठेवायला उठायची.

एकदा विचारलं, ह्यांना कुणी झाकत नाही का?
मी म्हटलं, गेममध्ये तसलं काही नसतं.
मग सापडलं. फावडं असेल तर खड्डा खणता येतो,
एका खड्ड्यात पाच.
जाळायला लाकडं कुठून आणशील, पुरून टाक, ती म्हणाली.
पुढचे दोन आठवडे मी जगायचं सोडून खड्डेच खणले.
माझा माणूस वाळला, त्याचे खांदे भरून आले,
डब्यातले मासे संपले.

आणि मग ती खिडकी.
काच फुटलेली, मी घाईत आत उडी मारली,
मागून कुणीतरी नखं लावली.
दंडावर ओरखडा, एवढासा.
डेटॉलने धू, आई म्हणाली. धुतला.
पट्टी बांधली, आधी उकळून, तिच्या सांगण्यावरून.
तरी ताप चढत गेला,
कोपऱ्यातला छोटा चेहरा हिरवा पडत गेला.
आई स्क्रीनला नाक लावून बसली.
बघ, म्हणाली, आपल्याला खिडकी नाही तेच बरं.

नवा माणूस घेतला. तोच नकाशा, तीच टेकडी.
शेवटून तिसऱ्या घराच्या दारात तो उभा होता.
माझाच. तोच चौकटीचा शर्ट, दंडावर पट्टी.
मागे भरलेला टब, तीन पातेली, फुलदाणी,
एकालाही हात लागलेला नाही.
मी कुऱ्हाड घेतली.
आई काही बोलली नाही. बराच वेळ.
मग, ह्याला तहान लागत नसेल का रे?

चार चाळीसला बाहेर नळ खोकला.
गल्लीत दारं उघडली, अर्ध्या डोळ्यांनी माणसं,
हातात कळश्या, पाय ओढत.
मी पाइप घेऊन उठलो, तर तिने अडवलं,
हात उलटा करून माझ्या कपाळाला लावला
आणि मोजत असल्यासारखा तसाच ठेवला.
बाहेर आमचा हंडा
कुणीतरी पायाने पुढे सरकवला.