उलटा बाक

हिंगण्याच्या एमआयडीसीत, एप्रिलात,
कूलरच्या वाळ्यातून पाणी ठिबकत असताना
ते लाकूड माझ्या टेबलावर आलं.
सागाचं. दोन पायांचा घोडा,
जिनिंगच्या मशीनचं बेअरिंग धरणारा.
पोटाखाली सुतारी पेन्सिलीनं : चिंधू बोरुले, ८१.

मी त्यावर पांढरी पावडर फवारली,
काळे ठिपके चिकटवले,
स्कॅनरची निळी रेघ अंगभर फिरवली.
अकरा लाख चाळीस हजार त्रिकोण.
जवळून पाहिलं तर नुसते कोपरेच कोपरे :
इथे मेणाचा ओघळ, इथे पटाशी घसरलेली,
एका खुरापाशी उधईनं चाखून सोडलेलं.

मग ती कमांड.
बटण हरभऱ्याएवढं.
दाबलं की आपण काहीच करायचं नसतं.
भोकं बुजतात, टोकं खाली बसतात,
त्रिकोण विरघळतात
आणि त्यांच्या जागी चौकोनी ठिगळं पसरतात
कडेला कड लावून,
शिवण कुठे दिसू न देता.
मी चहा घेऊन आले तेव्हा बासष्ट टक्के.
कप विसळून आले तेव्हा
पडद्यावर एक ओलं, करडं, नितळ जनावर उभं होतं,
कोणाचाच हात न लागलेलं.

तपासायला झेब्रा पट्टे लावले.
काळे-पांढरे वाहत गेले पाठीवरून मांडीवर,
एकही तुटला नाही.
डोमळे सरांनी मागून विचारलं,
"संत्र्याची साल तर नाही ना?"
बारीक खड्ड्यांच्या पृष्ठभागाला म्हणतात तसं.
नागपुरात बसून
दोषाला हे नाव घेताना जीभ जरा अडते.
नाही सर, म्हटलं. साल नाही.

पाय मात्र आत झुकलेले.
दीड मिलिमीटर इकडून, दीड तिकडून.
मी म्हटलं, लाकूडच ते,
सत्तेचाळीस अंशांचे चाळीसहून जास्त उन्हाळे,
कोण ताठ राहील?
दोन्ही समांतर केले.
सॉफ्टवेअरनं ऐकलं.
ते माझं नेहमीच ऐकतं.

ओतकाम बुधवारी झालं.
गुरुवारी वाळू झाडून घोडा काढला
तर पाय बाहेर फाकलेले.
दीड इकडे.
दीड तिकडे.
बेअरिंग ठेवलं, तर डब्यातल्या सुपारीसारखं खुळखुळलं.

इस्तारीभाऊ, मोल्डर,
वाळूच्या ढिगावर उकिडवे बसून हसले.
"काहून सरळ केलं वं पोरी?
लोखंड थंडं होते तवा पाय फाकवते.
म्हून मिस्त्री आंदीच आत दाबून ठेवे.
थे वाकडं नोयतं.
थो हिसाब होता."

परत आले. दुपारचे तीन.
वीज गेलेली, कूलर गप्प, यूपीएस टुकटुक करत होता.
मी ओल्या फडक्यानं लाकूड पुसायला घेतलं,
पावडर नखात जाऊन बसली.
नावाच्या शेजारी, बोटभर खाली,
माझ्याच फवाऱ्यानं झाकलेलं
फिकट, पण नीट वळणाचं :
१॥ आत.

दोन काने उभे, घोड्याच्या पायांसारखे.
स्कॅनरला खोली कळते,
पेन्सिल कळत नाही.
त्याला एका बिंदूपासून दुसरा बिंदू किती दूर, ते माहीत;
लाकूड आणि लोखंड यांच्या मधे
जी एक रात्र निवत जाते
तिची चौकट त्या खिडकीत कुठे नव्हती.
मी शोधली. खालपर्यंत सरकवून शोधली.

वीज आली तेव्हा
मागे गेले, एकेक पायरी पुसत,
पाय पुन्हा वाकले तिथवर.
उधईचा खड्डा भरलेलाच राहू दिला.
तो मिस्त्रींचा नव्हता.

फाइलचं नाव बदललं :
घोडा, दीड आत.
आणि कूलरमध्ये पाणी भरायला उठले.