येण्याचा हेतू

फुकुओकात, नदीच्या अलीकडे, दुसऱ्या मजल्यावर
मी लोकांचे अर्ज भरून देतो.
पाटीवर माझं नाव आहे, खाली फॅक्स नंबर.
फॅक्स बंद पडून चार वर्षं झाली.

नुरझात आली तेव्हा तिच्या व्हिसाचे त्रेसष्ट दिवस उरले होते.
गाव नारिनच्या वर, मेंढ्या माणसांहून जास्त.
इथे दिवसा भाषाशाळा, रात्री डब्यांचा कारखाना,
भातावर एकेक खारवलेला प्लम ठेवायचा,
आठवड्याला अठ्ठावीस तास.
एकोणतिसावा तास गुन्हा.

मी टेबलावर दोन अर्ज ठेवले.
हा विद्यार्थ्याचा, हा उद्योजकाचा.
म्हटलं, शिकायचंय की करायचंय, तेवढं ठरव.
ती म्हणाली, लोकरीवर साबणाचं पाणी ओतून
आम्ही नमदा लाटायचो,
तेव्हा आई मला शिकवत होती
की माझ्याकडून काम करून घेत होती,
हेच मला अजून ठरवता आलेलं नाही.

नमद्याच्या सपाता करते ती.
गॅलरीत वाळत घालते.
घरमालकीण ओकुमुराबाईंची तक्रार आहे
की दमट हवेत सगळ्या इमारतीला मेंढीचा वास येतो.
त्यांनीच दोन जोड घेतलेत.

पंचवीस वर्षं हे कागद हाताळतोय, आता सांगायला हरकत नाही:
विद्यार्थ्याच्या अर्जाला वाटतं, तू परत जावंस.
उद्योजकाच्या अर्जाला वाटतं, तू हलू नयेस.
एकापुढे गावची जमीन मांडायची, एकटी आई,
दुसऱ्यापुढे भाडेकरार, आराखडा, भांडवल.
भांडवलाची शून्यं मोजताना तिचं बोट दोनदा घसरलं.
तिसऱ्यांदा तिने पेन्सिलीच्या टोकाने मोजली
आणि पेन्सिल खाली ठेवली.

आराखडा मात्र तिने आणला होता, वहीच्या पानावर.
पहिलं वर्ष, चाळीस जोड.
दुसरं वर्ष, नव्वद.
तिसरं वर्ष, माहीत नाही.
मी म्हटलं, माहीत नाही असं लिहिता येत नाही.
मग दीडशे लिहा, ती म्हणाली,
पण नंतर कोणी मोजायला येणार नाही ना?

तेवढ्यात तिचा फोन वाजला. आई.
बोलणं मला कळलं नाही, पण शेवटी आवाज चढलेला प्रश्न होता.
कधी येतेस, असं विचारते, नुरझात म्हणाली.
हीसुद्धा एक खिडकीच आहे,
हिच्याकडे कुठलाच अर्ज चालत नाही.

मी सल्ला द्यायचा तो दिला.
स्वतः मी कुठे गेलेलो नाही.
एकदा पासपोर्ट काढला होता, हवाईसाठी, बायको होती तेव्हा.
कोरा होता, कोराच संपला.

विद्यार्थ्याच्या अर्जावर सही करायला तिला वेळ लागला नाही.
कपडे बेतण्याची शाळा, दोन वर्षं, हजेरी सक्तीची.
म्हणजे आणखी दोन वर्षं प्लम.
मी शिक्का मारला, शाईवर फुंकर घातली.
मग तिने दुसऱ्या अर्जाकडे बोट दाखवलं.
हा घेऊ?
म्हटलं, तोवर नमुना बदलेल, आकडे बदलतील, उपयोग नाही.
असू दे, म्हणाली,
आणि तो कोरा अर्ज तिने जमिनीवर पसरला.
मोजा काढा.

माझ्या डाव्या पावलाभोवती तिने पेन्सिल फिरवली.
रेघ भांडवलावरून गेली, नोकरांच्या संख्येवरून,
कडेच्या टिपा ओलांडून पुन्हा आत आली.
अंगठा कार्यालयाच्या पत्त्यावर होता.
येण्याचा हेतू टाचेखाली गेला.
मला गुदगुल्या झाल्या. गेल्या कित्येक वर्षांत
त्या खोलीत कोणी हसलं नव्हतं,
म्हणजे मीच.

सपाता फेब्रुवारीत पोस्टाने आल्या.
करड्या, वर लाल शिंगासारखी नक्षी.
डावी नेमकी बसते.
उजवी चावते.
सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं,
कागद एकच होता, उजवी अंदाजाने केली,
वापरत राहा, सैल होईल.