खूण करून ठेवजो

व्हॅन चाळीसवर गेली की मागून एक सूर यायचा,
पन्नासला चढायचा. साठ मी कधी केलेच नाहीत,
मागे अकरा पोरं, अकरा दप्तरं.
बाबा अंगणातल्या खुर्चीवरूनच म्हणाले,
गाडी गल्लीत वळायच्या आधीच,
"डिफरन्शियल गेलं."

मे महिना, शाळा बंद. घरीच काढायचं ठरलं.
म्हणजे बाबांनी ठरवलं आणि मी गाडीखाली गेले,
पहाटे साडेचारला. नऊनंतर मानेवाड्यात
पाना हातात धरवत नाही, तवा होतो त्याचा.

दोन लाकडी स्लीपर चेसिसखाली.
"जॅकच्या भरवशावर झोपू नोको, पोरी.
जॅक म्हणजे पाहुणा. उठून जाते कधीबी."

चाकं. ब्रेकचा पाइप, त्याच्या तोंडात पेनाचं टोपण.
हँडब्रेकची केबल. शॉक-अप.
मग प्रोपेलर शाफ्टचे चार बोल्ट, आणि वरून आवाज:
"सोडायच्या आधी खूण करून ठेवजो.
जसं होतं तसंच बसलं पायजे,
नाहीतर थरथरत राह्यते."
खडू घामानं पुसला गेला.
आईच्या डब्यात नेलपॉलिश सापडलं, वाळून डिंक झालेलं.
थिनर टाकून हलवलं,
दोन्ही फ्लँजांवर मिळून एक लाल रेघ ओढली.
आई जाऊन सहा वर्षं झाली.
ती नेलपॉलिश कधी लावायची
हे आम्हा दोघांनाही आठवेना.

यू-बोल्टचे नट आठ. सात सुटले.
आठव्याला रात्रभर डिझेल पाजलं,
सकाळी पान्याला हँडपंपाचा पाइप जोडला,
भिंतीला पाय टेकवला आणि एक शिवी हासडली,
बाबांसमोर पहिल्यांदाच.
"हां," ते म्हणाले, "हेच राह्यलं होतं."
नट कडकन फिरला.

इर्शादनं आणि त्याच्या भाच्यानं ओढून बाहेर काढला.
कडुनिंबाखाली आडवा पडला,
दोन लांब हात, मध्ये मडक्याएवढं पोट.
शेजारची तीन वर्षांची सानू लांबूनच म्हणाली,
"मेलं का?"
ऑइल काढलं तर त्यात चमकी,
जुन्या शालूची झडते तशी. दातांचा भुगा.
बाबांनी बोटावर घेतली, अंगठ्यानं चोळली.
एकतीस वर्षं ऑर्डनन्समध्ये लेथवर होते.
त्या बोटांत आता चहाचा कप ठरत नाही,
पण धातू अजून कळतो.

दुसरा अ‍ॅक्सल भंगारातून. साडेचार सांगितले, चारला दिला.
कुठल्याशा अँब्युलन्सचा, कडेला पांढरा रंग.

बसवणं म्हणजे काढण्याच्या उलट, असं छापलेलं असतं.
तसं नसतं.
पाट्यांच्या मधल्या बोल्टाचं डोकं
भोकात बसायला दीड तास गेला,
एक बाजू जुळली की दुसरी दोन बोटं सरकायची.
मग शाफ्ट वर उचलला. लाल रेघ तिथं होती.
समोरचा फ्लँज नवा. त्यावर रेघ कुठून येणार?
हे आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.
बाबा बराच वेळ गप्प.
"बसव मंग कसाबी," शेवटी म्हणाले,
"चारच जागा आहेत. एक तर जमन."

ब्रेकची हवा काढायला ते ड्रायव्हरच्या सीटवर.
आता हुकूम माझे.
दाब.
धर.
सोड.
दाब.
पाय त्यांचा अजिबात थरथरत नव्हता.
नळीतून बुडबुडे येत राहिले, मग नुसतं तेल.

संध्याकाळी रिंग रोडला नेली.
चाळीस. पन्नास. मग साठही.
मागं काही नाही, फक्त खिडकीतली झळ.
मी त्यांच्याकडे पाहिलं.
"आहे अजून," ते म्हणाले.
चाळीसवर आणलं. "आहे."
कडेला घेतली, न्यूट्रल केली. "आहे."
चावी फिरवून इंजिनच बंद केलं.
एक ट्रक गेला, मग लांबवर काहीच नाही.
"आता?"
बाबांनी कानावर तळहात ठेवला, काढला,
पुन्हा ठेवला.
"काहून वो," ते म्हणाले,
"हे तं लेथचं हाय."