चौथा खर्डा

शनिवारी रात्री सांगलीच्या मार्केट यार्डात
पेढीचं शटर अर्धं खाली ओढून
आम्ही चौघं माळ्यावर बसतो.
हळदीच्या पोत्यांवर प्लायवूड, त्यावर नकाशा,
वीस बाजूंचा फासा, भडंगाचं पुडकं.
फाशावरचे आकडे मुळात पांढरे होते,
हे आता कुणाला पटणार नाही.

खेळ मी चालवतो, नियमही माझेच.
दिवसा ज्या काटापट्ट्या लिहितो
रात्री त्यांच्याच पाठीवर एक शहर.
त्यात धनपाल तलवार चालवतो, सन्मती गाडी.
इरफानचा वैदू गेल्या महिन्यात मेला.
आता त्याला हॅकर व्हायचंय. आणि माझ्याकडं हॅकरच नाही.
"मग लिही की लगा," तो म्हणाला.

पहिल्या खर्ड्यात मी त्याला सगळं देऊन टाकलं.
दारं, कॅमेरे, तिजोऱ्या, पुलावरचे दिवे.
पंधराच्या वर पडलं की उघडलं.
त्या रात्री तो एकटाच खेळला, पाऊण तास.
सन्मतीनं भडंगातले शेंगदाणे वेचले,
मग लसूण,
मग मोबाईल काढला.

दुसऱ्यात त्याचे हात बांधले.
बॅटरीचे गुण, थकव्याचे गुण, सापडण्याचा तक्ता,
तक्त्याला पोटतक्ता.
धनपाल म्हणाला, हे जीएसटीसारखं झालंय.
तो जीएसटी भरूनच पोट भरतो.

तिसरा मी कुणाला दाखवला नाही.

चौथा भूपालअण्णांच्या बोटांतून आला.
रुमालाखालचे सौदे थांबून जमाना लोटला,
पण अण्णांनी माझा हात उपरण्यात ओढला आणि दाबत गेले:
हे शंभर, हे पन्नास, हे नको म्हणून सांग.
भर गर्दीत भाव ठरायचा
आणि दोनच हातांना कळायचा.
मधे कुणी चोरून ऐकलं तर?
"ऐकायला हात घालावा लागतोय," अण्णा म्हणाले.

म्हणून नियम असा:
हॅकरला लांबून काहीही उघडता येणार नाही.
टेबलावरच्या कुणाचा तरी हात धरायचा, खराखुरा, रुमालाखाली,
आकडा बोटांनी सांगायचा.
फासा समोरच्यानं टाकायचा.
आकडा चुकीचा कळला, तर दार चुकीचं.

आणखी एक, हरिपूरच्या पेवांवरून.
पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं.
आधी कंदील सोडायचा, विझला तर वर थांबायचं.
तसंच इथं. दार उघडल्यावर एक फेरी कुणी आत जायचं नाही.

खेळलो. सन्मतीनं पन्नासाचे पाच ऐकले
आणि बँकेऐवजी दूध संघाचं शीतघर उघडलं.
धनपाल हसता हसता पोत्यावरून घसरला.
इरफान हसत होता. मग थांबला.

मिरज रोडवर त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान.
"एक बाई आलती," तो म्हणाला. "नवऱ्याचा फोन.
माणूस गेलेला, पॅटर्न कुणाला माहीत नाही.
उघडून दिला.
दुसऱ्या दिवशी परत आली. म्हणाली,
आधी होता तसा बंद करून द्या."

रुमाल अजून दोघांच्या हातांवर तसाच.

"तसलं काय आहे का रे तुझ्यात?"

मी चारही खर्डे चाळले.
उघडणे, फोडणे, शिरणे, पळवणे.
एका बिलाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलं:
पाचवी पातळी, होतं तसं बंद करणे.
पुढं किती पडायला हवेत ते सुचेना.
"पंचवीस टाक," धनपाल म्हणाला.
वीस बाजूंच्या फाशावर पंचवीस.

इरफाननं तरी टाकला.
फासा प्लायवूडवरून उडून पोत्यांच्या फटीत गेला.
टॉर्च लावून शोधलं, दोन पोती हलवली, शिंकलो.
दिवाळीत हरवलेला एक सापडला, पिवळाजर्द,
एकही आकडा वाचता येत नव्हता.
हा नाही.